अंगणातली मूळ संख्या

नारिन गावच्या तंत्रविद्यालयाला पन्नास वर्षं होणार होती आणि संचालक जांतोरो यांना अंगणात काहीतरी भव्य हवं होतं. घोड्यावर बसलेल्या वीरांचे पुतळे गावात आधीच पुरेसे होते.

"मूळ संख्या कोरू या," ते गणितप्रमुख एसेनकुलला म्हणाले. "चांगली मोठी. कशानेही भाग न जाणारी. आपल्या एकजुटीसारखी."

विद्यालयात तेव्हा तीन गट होते आणि ते एकमेकांच्या चहालाही जात नव्हते, पण ते असो.

एसेनकुलने १७७१११७७१ ही संख्या निवडली. उलट वाचा, सुलट वाचा, तीच. दगडावर इंग्रजी आकड्यांत दिसायलाही ताठ, नुसते 1 आणि 7. त्याने साताने भागून पाहिलं, मग अकराने, तेराने, सतराने. सदतिसापर्यंत कुठेच भाग जाईना, तेव्हा तो समाधानाने थांबला. दोन, तीन, पाच हे पोरासोरांचे आकडे. प्रमुखाने तिथे कशाला वाकायचं?

दगड उभा राहिला. गणित विभागातली बुरुल येता येता दगडासमोर उभ्या एसेनकुलजवळ थांबली. वयाने मोठ्या पुरुषाला तिकडे 'बायके', म्हणजे दादा, म्हणत.

"बायके, अंकांची बेरीज केलीत का हो?"

"कसली बेरीज?"

"तेहतीस येते."

एसेनकुलने बोटांवर मोजून पाहिलं. बेरजेला तिनाने भाग गेला की संख्येलाही जातो, हे तो वर्षानुवर्षं शिकवत आला होता.

जांतोरो मात्र शांत होते. "मधल्या एकाला वर आडवी रेघ काढा. सात होईल, संपलं."

"एकाचा सात केला की बेरीज सहाने वाढते, साहेब," बुरुल म्हणाली. "तीन जागचा हलत नाही."

"तुमचं मेलं नेहमी नकारात्मकच."

कारागिराला बोलावणं गेलं. बुरुलचं बरोबर आहे हे एसेनकुलला दिसत होतं, पण संचालक बोलत असताना खरं बोलायची त्याला सवय नव्हती.

दगडावर आता १७७१७१७७१ झळकू लागली. बुरुलने उभ्या उभ्या भागून पाहिलं.

"अभिनंदन, बायके. तिनाने भाग जातोच. आता साताने पण जातो. आधी निदान तेवढं तरी नव्हतं."

"कुणाला सांगू नकोस."

"सांगायला गेले तर ऐकतंय कोण?"

तरीही कुजबुज जांतोरोंपर्यंत पोचली. समारंभात त्यांनी छाती पुढे काढली. "ही संख्या तिघांत वाटता येते, सातांत वाटता येते. भाकरी एकट्याने खाणं आपल्या रक्तातच नाही." टाळ्या कडकडल्या; तिन्ही गटांनी आपापल्या वेगळ्या वाजवल्या. एसेनकुलच्या खांद्यांवर मानाचा अंगरखा, भरतकामाचा जाड चापान, चढवला गेला.

बुरुलने त्याच्यापुढे कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा धरला. "शोभतोय."

"उकडतंय गं." त्याने वाडगा हातात घेतला. "तीन आणि सात काढून टाकले तर उरतं काय?"

"चौऱ्याऐंशी लाख छत्तीस हजार सातशे एक्कावन्न."

"ती तरी मूळ आहे का?"

"प्रमुख तुम्ही आहात."

एसेनकुलने तिच्याकडून पेन मागून घेतलं, चापान काढून खुर्चीवर टाकला आणि कागदी रुमालावर भागाकार मांडला. मागे कुणीतरी त्याच्या गौरवाचं बोलत होतं. ते त्याला ऐकूही आलं नाही.