कळलं नाही तरी हसायचं

धाकटीला हसायला मी शिकवलं. तेव्हा ती सात वर्षांची होती, मी तेरा. ती जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही आलं नाही. कुणी काही विचारलं की नुसती टक लावून बघायची आणि लोक चिडायचे. दुकानदार म्हणायचा, "कसली उर्मट पोर आहे ही!" आई म्हणायची, "हसतील त्यांचे दात दिसतील, आपण लक्ष देऊ नये." मला ते जमेना. एक दिवस मी धाकटीला आरशासमोर उभं केलं, तिच्या ओठांच्या कोपऱ्यांना माझी दोन बोटं लावली आणि कोपरे वर ओढले. अस्सं. कळलं नाही तरी हसायचं. लोक गोड मानून घेतात आणि आपल्या वाटेनं जातात.

तिनं ते लगेच उचललं. मग तेच लोक म्हणायला लागले, "मुकी आहे, पण काय हसतमुख!" मला तर केवढा अभिमान.

हसतमुख म्हणूनच तिला लॉन्ड्रीत काम मिळालं. इस्त्रीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कॉलर टोकांकडून आत, बाही शिवणीवर, मग घडी. अकरा वर्षं तिनं तेच केलं. बाराव्या वर्षी जुना मालक गेला आणि त्याचा जावई गादीवर बसला. एका दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. त्यानं मागच्या खोलीत, धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर तिला पाडलं. सुटून टेबलापर्यंत पोचली तेव्हा तिनं तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर दाबली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तिनं मला सगळं खुणांनी सांगितलं. आमच्या खुणा घरच्या. शाळेत ती कधी गेली नाही, तिला शिकवायचं कशाला, असं सगळ्यांचंच मत होतं. त्या संध्याकाळच्या खुणांमध्ये एकही नवी नव्हती, तरी मला त्या बघवेनात.

पोलीस चौकीत हवालदारानं पहिला प्रश्न विचारला, "ओरडली का नाही?"

"साहेब, ती मुकी आहे."

"ते कळलं हो. पण ओरडली का नाही?"

ती ओरडली होती. शब्द नसले तरी तिच्या घशातून आवाज फुटतो की! पण धुलाईची मशीन चालू होती. मी हे सांगेपर्यंत त्यानं 'आरडाओरडा केला नाही' असं लिहून पेनला टोपण लावलं होतं. मनगटाच्या भाजण्याचं मालक म्हणाला, कामात लागलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. मला वाटलं, बाईचं दुःख बाईला कळेल. मालकाचा वकील उठून म्हणाला, "बहीण दुभाषी नको, ती पदरचं घालून सांगेल." म्हणून बहिऱ्यांच्या शाळेतले एक मास्तर आणले आणि मला मागच्या बाकावर बसवलं. मास्तर भले गृहस्थ होते, पण त्यांच्या खुणा पुस्तकातल्या. त्यांचे हात भराभर हलत होते आणि धाकटी टक लावून बघत होती.

"तिला समजतंय ना?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मान हलवतेय, मॅडम," मास्तर म्हणाले. तिच्या खुणा आपल्याला समजत नाहीत, हे सांगायची त्यांना लाज वाटली असावी.

वकिलानं विचारलं, नेमकं काय केलं त्यानं, कुठे हात लावला? मास्तरांनी हात हलवले. धाकटी हसली.

"मॅडम, साक्षीदार हसते आहे. नोंद व्हावी."

मी ताडकन उठले. "अहो, तिला कळलं नाहीये! कळलं नाही की ती हसते!" शिपाई म्हणाला, "खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन." सगळे मागे बघायला लागले म्हणून धाकटीनंही वळून पाहिलं. मी चिडलेली दिसले. आपलंच काही चुकलं असं वाटून ती आणखी मोठं, सगळे दात दाखवून हसली.

"आणि मॅडम," वकील म्हणाला, "माझ्या अशिलाची बायको समोर बसलीय, बघा. घरी असं सोनं असताना माणूस या अशा मुलीकडे कशाला वळेल?"

बायकोनं मान खाली घातली. कुणीतरी फिसकन हसलं, त्याची मात्र नोंद झाली नाही.

निकालात लिहिलं होतं, प्रसंग सांगताना साक्षीदार वारंवार हसत होती. अत्याचार सोसलेल्या स्त्रीचं वर्तन असं नसतं. शिवाय तिची समज कितपत, याबद्दल शंका आहे. मालक सुटला. बाही मनगटापर्यंत ओढून तो आमच्या शेजारूनच जिना उतरला.

धाकटीनं माझा दंड धरून हलवला. काय झालं?

सुटला, मी खूण केली.

का?

मी खोटं सांगू शकले असते. पुरावा नव्हता, पैसे चारले, काहीही. पण आयुष्यभर तिला लोकांनी अर्धंमुर्धंच सांगितलं होतं, आणि त्यात मीही होते. मी सांगितलं, तू हसलीस म्हणून.

तिनं आपली दोन बोटं माझ्या ओठांच्या कोपऱ्यांना लावली. इस्त्रीच्या जुन्या चटक्यांनी ती खरखरीत झाली होती. तिनं माझे ओठ वर ओढले आणि धरून ठेवले. तिचा स्वतःचा चेहरा कोरा होता.