प्लास्टिकमधला बुलडोझर

भीमराजचा कागदावर भारी जीव. त्याला कारणही तसंच होतं. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पारनेरकडच्या गावी, पत्र्याच्या पेटीत वाळवीनं खाल्ला. त्याची दुसरी प्रत मिळवायला शाळेतून कचेरीत आणि कचेरीतून शाळेत असे इतके हेलपाटे घालावे लागले, की त्यानं कानाला खडा लावला. नागापूरच्या एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कायम झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर घरातला एकूण एक मोलाचा कागद नगरला नेऊन लॅमिनेशन करून आणला. जातीचा दाखला, लग्नातला फोटो, पोरीचं लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये. त्याची बायको भागिरथी म्हणायची, "एक दिस मलाबी घालतील प्लाष्टिकमधी." भीमराज हसायचा. त्याला ते स्वतःचं कौतुकच वाटायचं.

पोरगी यशोधरा, सहावीत. एकुलती एक आणि जिद्दीची. त्या वर्षी कॉलनीतल्या पोरांना कुस्तीच्या कार्डांचं वेड लागलं होतं. कार्डावर परदेशी पैलवानाचं चित्र, खाली त्याची उंची, वजन, छाती आणि जिंकलेल्या कुस्त्या. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापली कार्डं पालथी घालायची. वरचं कार्ड उचलून आपण एकट्यानं बघायचं; समोरच्याला दिसते ती फक्त पाठ, आणि पाठी सगळ्यांच्या सारख्या, लाल चांदणीच्या. ज्याची पाळी त्यानं हाक द्यायची, 'वजन!' किंवा 'छाती!' मग दोघांनी कार्ड दाखवायचं. आकडा ज्याचा मोठा, त्याला दोन्ही कार्डं आणि पुढची हाकही त्याचीच. एवढा साधा खेळ, पण पोरं त्यापायी जेवण विसरायची.

यशोधराला त्यात शिरायचं होतं. पाण्याच्या टाकीखाली जो अड्डा जमायचा, त्याचा मुकादम गोरक्ष, नववीतला. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "नव्या माणसाला दोन गोष्टी लागत्यात. सवताची धा कार्डं, उसनी न्हाई चालत. आन् सगळ्यांचे आकडे तोंडपाठ." यशोधरानं दिवाळीची सगळी सुट्टी घालवून दहा कार्डं जमवली. त्यात एक असं लागलं की टाकीखाली कुणाकडंच नव्हतं: बुलडोझर. वजनाला सगळ्यांचा बाप. उंचीला मात्र गिड्डा.

आकड्यांचं पाठांतर भीमराज घ्यायचा. जेवताना तो पैलवानाचं नाव घ्यायचा आणि ती धडाधडा आकडे सांगायची. विचारता विचारता त्यालाही निम्मे पाठ झाले, आणि प्रेसवर उभा असताना त्याच्या तोंडून नको त्या पैलवानाची छाती बाहेर पडू लागली. पुढच्या महिन्यात कॉलनीतली तीन पोरं केडगावच्या पोरांशी खेळायला जाणार होती. गोरक्ष आणि प्रवीण तर ठरलेलेच. तिसरी जागा रविवारी यशोधरा आणि राम यांच्यात खेळून ठरायची होती. राम हातानं चपळ, डोक्यानं बेताचा. ती जागा आपल्या पोरीची, यात भीमराजला तिळमात्र शंका नव्हती. तिलाही नव्हती. ती झोपेत आकडे बोलायची.

शनिवारी भीमराजला सुट्टी. कंपनीचं ओळखपत्र प्लास्टिकमध्ये घालायला तो नगरला निघाला आणि निघता निघता त्याच्या मनात आलं, की बुलडोझरचे कोपरे मऊ पडलेत, केडगावला जाईस्तोवर त्याचा लगदा होईल. पोरगी शाळेत होती. त्यानं घरातल्या तिच्या कार्डांच्या डब्यातून ते कार्ड काढलं. कुणाला विचारायचं त्याला सुचलं नाही. चांगल्या गोष्टीला कोण विचारतं?

संध्याकाळी त्यानं ते तिच्या हातावर ठेवलं. गुळगुळीत, चकाचक, कडेनं बोटभर पारदर्शक पट्टी. यशोधरा बघतच राहिली. मग म्हणाली, "छान झालंय, पप्पा." भीमराजला वाटलं, पोरीला आनंदानं बोलवेना.

थोड्या वेळानं तो हात धुवायला मोरीत गेला, तर ती तिथं उकिडवी बसून त्याच्या दाढीच्या ब्लेडनं प्लास्टिकची कड सोलत होती. कड निघत होती, पण तिच्याबरोबर लाल चांदणीचा रंगही निघत होता.

"अगं, काय करतीस?"

"काय न्हाई." तिनं ब्लेड खाली ठेवलं. बराच वेळ विचारल्यावर एवढंच म्हणाली, "पाठ चमकती, पप्पा. मागनंच कळतं."

भीमराजनं कार्ड उलटं करून पाहिलं; पाठ खरंच चमकत होती. तरी तो बापाच्या आवाजात म्हणाला, "एवढंच ना? मी सांगतो की पोरास्नी. उद्या पहिली पाळी सुटली की सरळ टाकीपाशी येतो."

रविवारी तो कंपनीच्या खाकी कपड्यांत, ग्रीसचे हात नीट न पुसता टाकीखाली पोचला. पोरं अदबीनं उठून उभी राहिली. यशोधरा आपली कार्डं छातीशी धरून एका कडेला बसली होती. भीमराजनं कामगारांच्या बाजूनं मॅनेजरपुढं बोलावं तसं भाषण केलं. कार्ड तेच, पैलवान तोच, आकडे तेच, वर फक्त कव्हर आलं, तर बिघडलं कुठं?

गोरक्षनं शांतपणे ऐकून घेतलं. यशोधराची कार्डं मागून घेतली, पिसली आणि पालथी मांडली. "काका, ह्यात बुलडोझर कंचा, सांगा."

भीमराजचं बोट बरोबर त्या चमकणाऱ्या पाठीवर गेलं. जाऊ नये असं त्याला वाटत होतं, पण दुसरीकडं नेणार तरी कुठं?

"आता तिच्या हातात बुलडोझर हाय, हे रामाला मागनंच दिसनार. तो वजन म्हननारच न्हाई, उंची म्हननार. आन् हेच कार्ड रामाकडं गेलं, तर तिला दिसनार. खेळ ऱ्हातोय कुठं?"

"मग ते बाजूला ठेवा. नऊ कार्डांवर खेळंल ती."

"धा म्हंजी धा, काका. तुमच्या पोरीनंच आदी मान्य केलंय."

भीमराजच्या डोक्यात एक झकास तोड आली. "मग असं करू. सगळ्यांची कार्डं द्या माझ्याकडं. सगळ्यांचीच लॅमिनेशन करून आनतो. म्हंजी सगळ्या पाठी सारख्या!"

पोरांनी एका झटक्यात आपापली कार्डं पाठीमागं लपवली. एका बारक्यानं तर शर्टात कोंबली. भीमराजला कारखान्यात कधी इतकं लाजल्यासारखं झालं नव्हतं. यशोधरा खाली मान घालून मातीत रेघा ओढत होती.

गोरक्ष वाईट पोरगा नव्हता. वाईट असता, तर भीमराजला निदान भांडता आलं असतं. तो जरा विचार करून म्हणाला, "काका, तुमी कामावरनं एवढे आलाय. खेळू दे तिला. कच्चा लिंबू म्हनून."

कच्चा लिंबू कोणाला करतात? धाकटं भावंड गळ्यात पडलं की त्याला. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचं हरणं नाही की जिंकणं नाही, खेळात असून ते नसतं. कॉलनीत सगळ्यांत चांगले आकडे पाठ असलेल्या पोरीला कच्चा लिंबू! भीमराजनं तिच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली, आणि रामसमोर येऊन बसली.

पहिल्या काही डावांत सारखंच चाललं. मग यशोधराच्या वरच्या कार्डाची पाठ चमकली आणि रामची पाळी होती. राम दात काढून म्हणाला, "उंची!" बुलडोझर गेला. पोरं हसली. यशोधराच्या चेहऱ्यावर काही दिसेना. ती रामच्या ढिगाकडं बघत राहिली. एकेक डाव घेत तिनं हाक स्वतःकडं आणली आणि वाट पाहिली. रामचं पुढचं कार्ड वर आलं, तेव्हा त्याची पाठ लखलखत होती.

"उंची," ती म्हणाली.

बुलडोझर परत आला. त्यानंतर रामला काही सुधरेना. मधूनच हाक त्याच्याकडं गेली तरी तो वजन म्हणाला की तिचा पैलवान जड निघे, छाती म्हणाला की तिचा रुंद. हसणारी पोरंसुद्धा बघता बघता उभी राहिली. रामचं शेवटचं कार्ड गेलं आणि टाकीखाली टाळ्या पडल्या. भीमराज तर उडायचाच बाकी होता. "जिंकली! बगा, जिंकली की न्हाई!"

"जिंकली की," गोरक्ष म्हणाला. त्यानं रामची कार्डं मोजून रामला परत दिली. "लई भारी खेळली. पन कच्चा लिंबू हुती, काका. केडगावला राम येईल."

नियम बरोबर होता, पोरगं बरोबर होतं, भीमराजची पोरगी तर सगळ्यांहून बरोबर होती. चूक असणारा माणूस तिथं एकच होता आणि त्यानं ती चूक मायेनं केली होती. मायेनं केलेल्या चुकीची माफी तरी कशी मागायची, हे त्याला येत नव्हतं.

घरी जाताना कॉलनीच्या कोपऱ्यावर यशोधरा थांबली.

"पप्पा, आईला आपन सांगू, मी हरले."

"का? तू तर जिंकलीस."

"मग ती विचारंल, जिंकलीस तर राम कसा चाललाय. मग कार्डाचं सांगावं लागंल. मग ती तुमाला बोलंल." ती चालू लागली. "हरले म्हनलं की काय विचारत न्हाई कोन."

भागिरथी भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हातानंच तिनं वळून विचारलं, "काय झालं गं?"

"हरले."

"कोनाशी?"

"रामाशी. वजनात."

"त्या रामाशी? आगं, त्याला पाढे येत न्हाईत धड!" भागिरथी चिडली. तिनंही या रविवारावर जीव लावला होता, फक्त बोलली नव्हती. "एवढी घोकंपट्टी केलीस. तुझा बाप दमून भागून येतो, तरी तुझे आकडे घेत बसतो. त्याच्याकडं बघून तरी नीट खेळायचं हुतंस." मग आवाज उतरवून ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी नका मनाला लावून घेऊ. तुमी तुमच्याकडनं समदं केलं."

भीमराजनं तोंड उघडलं. यशोधरानं आईच्या पाठीमागून त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नको. तो उंबऱ्याशी खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. भागिरथी अजून बोलत होती, पोरगी ऐकून घेत होती, आणि नाडी केव्हाच सुटली होती.