ज्या दिवशी उशी नव्हती

मित्रांनो, माझ्या छातीवर दोन वळणदार भोकं आहेत. माणसांना वाटतं, त्यांतून माझा, म्हणजे गिटारीचा, आवाज फक्त बाहेर येतो. मी मात्र गेली चाळीस वर्षं त्याच भोकांतून लोकांचं बोलणं आत घेत आले आहे. माझा स्वभावच चौकस, त्याला मी तरी काय करणार?

लंडनच्या एका बोळात ड्रिंग नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. पाठ मेपलच्या लाकडाची, छाती स्प्रूसची, वर पोलादी तारा. वार्निश वाळेपर्यंत मी दोरीला टांगलेली होते आणि दुकानाचं दार वाजलं की मला वाटायचं, हाच का तो? शेवटी विल्फ्रेड टॅन्स्ली आला. हडकुळा, लांब बोटांचा, कमी बोलणारा. त्याने माझ्यावर एकच सूर छेडला, बराच वेळ मान तिरकी करून ऐकला आणि मला घेऊन गेला.

विल्फ पार्जिटरसाहेबांच्या बँडमध्ये होता. आमचा बँड नाचासाठी वाजवायचा. पुढे चकाकणारी पितळी वाद्यं, त्यांच्या पुढे गाणारी बाई, आणि मी मागच्या रांगेत ढोलाच्या बाजूला. माझं काम ताल धरायचं. चार ठोके, पुन्हा चार ठोके, रात्र संपेपर्यंत. माझा आवाज कुणाला वेगळा ऐकूच यायचा नाही. एकदा एका मुलीने जोडीदाराला विचारलेलं मी ऐकलं, की तो मागचा माणूस नक्की करतो तरी काय? मला फार लागलं ते. पण त्याच आठवड्यात माझी तार तुटली, विल्फ थोडा वेळ थांबला, आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांवर पडू लागले. काय बिघडलं ते कुणालाच कळेना. मला कळलं होतं.

विल्फला एक खोड होती. वाजवताना तो उजवा पाय आपटायचा, आणि ठोका पडायच्या केसभर आधी. हॉलमध्ये ते गर्दीत खपून जाई. ग्रामोफोनच्या तबकड्या मुद्रित करायला जायचो तेव्हा मात्र तिथला मायक्रोफोन सगळं टिपायचा. पार्जिटरसाहेब म्हणायचे, “टॅन्स्ली, मी गिटारवाला ठेवलाय, सुतार नाही.” मग त्यांनी किरमिजी रंगाची एक उशी आणली. मुद्रणाच्या दिवशी ती विल्फच्या पायाखाली असायची, आणि तिला सगळे विल्फची बायको म्हणून चिडवायचे.

आता त्या सोमवारचं सांगते. सोमवारी दुपारी लंडनचे सगळे वाजवणारे आर्चर स्ट्रीटवर जमायचे. फुटपाथवर उभ्या उभ्या कामं ठरायची. कुणाला अडचण आली तर तो आपल्या जागी बदली माणूस पाठवी. बदलीवाल्याने मूळ माणसाच्या नावावर वाजवायचं आणि पुढे त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

त्या दिवशी चार वाजता आमचं मुद्रण होतं. विल्फ मला घेऊन तिथे उभा असताना त्याच्या घराशेजारून निरोप आला, की त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या आहेत. विल्फच्या तोंडचं पाणी पळालं. समोर सिरिल अॅटवेल उभा होता. गोल चेहऱ्याचा, विनोदी, गिटारवालाच, पण त्याची गिटार नदीपलीकडे घरी राहिलेली. विल्फने मला त्याच्या हातात कोंबलं आणि तो धावत सुटला. परका हात कसा वाजवतो, याची मला केवढी उत्सुकता लागली होती!

आणि नेमकं त्याच दिवशी पार्जिटरसाहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी पितळवाल्यांना गप्प बसवून पंधरा सेकंदं गिटारीला एकटीला दिली. सिरिलने ती पंधरा सेकंदं अशी वाजवली, की काचेपलीकडचा मुद्रण करणारा माणूस उभा राहिला. खरं सांगते, तसं मी पुन्हा कधी वाजले नाही.

हजेरीच्या कागदावर नाव होतं टॅन्स्लीचं. बऱ्याच वर्षांनी जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्या कुणीतरी तो कागद पाहून वाजवणाऱ्यांची यादी छापली, आणि ती पंधरा सेकंदं विल्फची ठरली. विल्फ खरं सांगणार होता. पण त्याची मुलगी ग्वेंडा तेव्हा बारा वर्षांची. तिने शाळा डोक्यावर घेतली होती, माझ्या बाबांचं नाव छापून आलंय म्हणून. तिचा चेहरा पाहून विल्फ गप्प बसला. सिरिलही हसून म्हणाला, राहू दे रे. मी ते ऐकलं, आणि त्या हसण्यामागे काय आहे ते मला कळेना.

पुढे विजेच्या गिटारी आल्या, बँड मोडला, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तारा गंजल्या. विल्फ अधूनमधून नुसता माझ्याकडे बघायचा. मागच्या वसंतात तो गेला.

त्याच्या आठवणीसाठी ग्वेंडाने एका रविवारी दुपारी माणसं बोलावायचं ठरवलं. मला खाली काढून पुसलं. आदल्या दिवशी सिरिलला चहाला बोलावलं. केकचा तुकडा पुढे करत तिने एक कागद ठेवला. ती पंधरा सेकंदं वाजवताना आपण विल्फ टॅन्स्लीला पाहिलं, अशी साक्ष सिरिलने लिहून द्यायची होती. मग तबकडी आणि मी, दोघींना एका संग्रहालयात ठेवायचं होतं.

तिने ती तबकडी लावली. सिरिल खाली मान घालून ऐकत राहिला. माझा जीव टांगणीला लागला. सही केली तर पोरीचं मन राहणार. नाही केली तर लोक म्हणणार, म्हातारा मेलेल्या मित्राची कीर्ती पळवतोय.

सिरिलने पेन खाली ठेवलं. “पोरी, हे मी वाजवलंय. तुझा बाप तेव्हा तुमच्या घरी जिन्यावर बसला होता. तू जन्माला येत होतीस.”

ग्वेंडाने तबकडीवरची सुई उचलली. मग ती म्हणाली, “मग बाबा कुठे आहेत, सिरिलकाका? घरात चाळीस तबकड्या आहेत. एकीत तरी ते मला ऐकू येतात का? मला एकदाच ऐकायचेत ते.”

सिरिलची नजर खिडकीकडे गेली. तिथे कुंडीखाली एक तबकडी होती. ती कशाला तिथे, असं त्याने विचारलं. ग्वेंडा म्हणाली, ती खराब आहे, सुरुवातीपासून नुसती टकटक करते. सिरिलने तबकडी उचलली, बाहीने पुसली, गाण्याचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसून इतका हसला, की त्याला ठसका लागला.

“अगं, लाव ती. विल्फ सांगायचा, हिच्या मुद्रणाच्या दिवशी गाणाऱ्या बाईने त्याची पायाखालची उशी बसायला घेतली होती. त्या दिवसाचं शेवटचंच मुद्रण, बाई गायली छान, म्हणून पार्जिटरने दात-ओठ खाऊन तसंच ठेवलं.”

तबकडी खरखरत फिरू लागली. पितळी वाद्यं, बाईचा आवाज, आणि खाली सगळीकडे टक, टक, टक, टक. प्रत्येक ठोक्याच्या केसभर आधी. मी लगेच ओळखलं. ग्वेंडाने ऐकता ऐकता तोंडावर हात धरला. स्वयंपाकघरात अंडी उकडताना बाबा असाच पाय आपटायचे, असं ती म्हणाली. मग तिने मला उचलून सिरिलच्या मांडीवर दिलं. सिरिलने माझ्या गंजक्या तारा जमतील तशा जुळवल्या आणि त्या पायाबरोबर चार-चार ठोके धरले. पाय विल्फचा आणि तारा माझ्या, पुन्हा एकदा.

तो कागद ग्वेंडाने स्वतःच बदलला. पंधरा सेकंदांपुढे सिरिल अॅटवेलचं नाव लिहिलं. त्याने ते वाचलं, चष्मा काढला, आणि केक फार गोड झालाय म्हणाला. त्याच्या त्या जुन्या हसण्यामागे काय होतं, ते मला तेव्हा उमगलं; आपलं नाव लागावं असं त्यालाही वाटत होतं.

मी संग्रहालयात गेले नाही. याच घरात आहे, नव्या तारांसह. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू खरखरत असेल, ठोकत असेल. ती कुंडीखाली ठेवण्याआधी घरातल्या थोरांना बोलवा, शेजारी बसवा, आणि विचारा, हा पाय कुणाचा?