डावीकडचा मॉनिटर

"कॉम्प्युटरला लाइटवाली पेटी नको," उस्ताद म्हणाले. "मला काय घरात दुकान मांडायचंय?"

"काका, बिनलाइटची पेटी हिच्यापेक्षा महाग आहे," दुकानवाली म्हणाली.

"म्हणजे लाइट लावले नाहीत, त्याचे जास्त पैसे?"

"तसंच समजा."

उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जगाचं हे सगळं मीच बिघडवून ठेवलंय. मी दुकानवालीला विचारलं, "हे लाइट बंद करता येतात का?" ती म्हणाली, येतात, मागे बटण आहे. "मग हीच द्या," मी म्हणाले. पर्स माझ्या मांडीवर होती, त्यामुळे शेवटचा शब्द माझा.

उस्ताद म्हणजे आमचे हे. लॉरीच्या अड्ड्यावर सगळे त्यांना याच नावानं हाक मारतात आणि पाठीमागे मीही. समोर आपलं "अहो". मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते, लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघण्यात माझी हयात गेली. कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडायला बसेन, तेही साठीला टेकलेल्या नवऱ्याच्या खेळासाठी, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. पर्समधले पैसे कपडे धुण्याच्या नव्या मशीनसाठी ठेवलेले होते. जुनं मशीन घरघर करत अजून चालतंय, म्हणून ते वाचले.

ही अक्कल आमच्या मुलीची. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. फोनवर म्हणाली, "आई, ट्रक चालवायचा गेम असतो. स्टिअरिंग, पेडल, सगळं मिळतं. बाबांना घेऊन दे. नाहीतर ते खरोखरच गाडीवर जाऊन बसतील."

भीती तीच होती. गेल्या वर्षी उस्तादांच्या मेंदूला छोटासा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, पण नजरेची डावी बाजू गेली. दोन्ही डोळ्यांची. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच डावीकडचं बघत नाही. गाडी चालवणं आता कायमचं बंद. उस्तादांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "दम खाल्ला की होईल नीट."

तेव्हापासून या विषयावर घरात एक शब्द नाही. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहायचं. मग मी पाणी द्यायच्या निमित्तानं ताट फिरवून ठेवायची, आणि ते काही न बोलता उरलेलं जेवायचे. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला की चौकटीला शिव्या. मालकांनी त्यांची लॉरी एका बदली ड्रायव्हरला दिली होती, पण नुसती सांभाळायला. "उस्ताद, पुढच्या महिन्यात लायसन्ससाठी नजरेची तपासणी करून घ्या. तिथला माणूस आपल्या ओळखीचा आहे, सहीची काळजी नको," असं ते सांगून गेले. मालक माणूस वाईट नाही. त्यांना वाटलं, आपण उपकार करतोय. मी मात्र मनात म्हटलं, सही मिळाली म्हणून नजर थोडीच मिळते?

गेमचं काढलं तेव्हा उस्ताद नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चालेल. तपासणीच्या आधी हात साफ होईल." झालं! आगीतून फुफाट्यात.

तर दुकान. दुकानवाली तिशीची असेल. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला, बोटांवर बारीक ओरखडे. पैसे किती आहेत ते तिनं आधी विचारून घेतलं आणि तोंड वाकडं केलं नाही, तेव्हाच ती मला आवडली.

"गेमच्या मशीनमध्ये निम्मा जीव या ग्राफिक्स कार्डात असतो," ती म्हणाली. "पडद्यावर जे दिसतं ते हे काढतं. नवं तुमच्या पैशात बसणार नाही. हे वापरलेलं आहे. खोटं कशाला बोलू, आधीच्या मालकानं दिवसरात्र चालवलंय."

उस्तादांनी ते हातात घेतलं. विटेएवढं जड, वर दोन पंखे. पंखा बोटानं हळूच फिरवून कानाशी नेला. "दिवसरात्र म्हणजे एकसारखं? की चालू-बंद, चालू-बंद?"

"एकसारखं."

"मग हरकत नाही. लांब पल्ल्याची गाडी गावात फिरलेल्या गाडीपेक्षा बरी असते."

"मीसुद्धा लोकांना हेच सांगते," दुकानवाली म्हणाली, "फक्त मला गाडी चालवता येत नाही." दोघं हसले. ह्यांना परक्या माणसाबरोबर हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. धुण्याचं मशीन मी तिथल्या तिथे मनातून काढून टाकलं.

मग प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला. रॅम दोन पट्ट्या, त्याही वापरलेल्या. पॉवर सप्लाय नावाचा एक वायरींचा डबा होता. मी म्हटलं, ह्यात कपात करा, डबाच तर आहे.

"काकू, बाकी कुठेही करा, इथे नको. हा बिघडला तर एकटा जात नाही, चार जणांना घेऊन जातो."

"ऐक तिचं," उस्ताद म्हणाले. "ब्रेकमध्ये काटकसर करायची नसते."

स्टिअरिंग आणि पेडल कुणीतरी हौसेनं घेऊन महिन्यात कंटाळून परत विकलेले होते, ते स्वस्तात मिळाले. राहिले मॉनिटर. उस्तादांना तीन हवे होते. एक समोरची काच, एक उजवी खिडकी, एक डावी. दुकानवालीनं बेरीज केली आणि मान हलवली. "दोन बसतात. फार तर दोन. एक मोठा समोर आणि एका बाजूला हा जुना."

मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. "मग डावीकडचा राहू दे," मी शक्य तितक्या सहज म्हणाले.

"डावीकडचा हवा," उस्ताद म्हणाले. "उजवीकडचा काढा."

दुकानवालीला काय माहीत? तिनं मुकाट्यानं लिहायला घेतलं. मी मात्र मनातून चिडले. ज्या बाजूचं दिसतं तिचा मॉनिटर काढायचा आणि जिकडे अंधार आहे तिकडे पैसे घालायचे? म्हणजे माणसानं डोळे मिटूनच घ्यायचं ठरवलंय. पुढच्या महिन्यात हा सही घेणार आणि रस्त्यावर कुणाच्या तरी लेकराला...

"अहो, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही हो!"

बोलून गेले. दुकानात, परक्या बाईसमोर, केवढ्यानं तरी. वर्षभर ताटं फिरवून जे झाकलं होतं ते एका वाक्यात उघड्यावर मांडलं. दुकानवाली खाली बघून स्क्रू गोळा करायला लागली. उस्तादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. मग दुकानवालीला, अगदी हळू, "डावीकडचाच लावा, ताई."

घरी यायला निघालो. नेहमी मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालते, तशीच चालत होते, आणि त्यांना मी दिसत नाहीये याचं त्या दिवशी बरं वाटत होतं. कारण मी रडत होते.

दोन दिवसांनी दुकानवाली मशीन घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर तिनं सगळं मांडलं, मोठा मॉनिटर समोर, जुना डावीकडे तिरपा, स्टिअरिंग टेबलाच्या कडेला आवळून. पेटीचे लाइट बंद करायचं बटण दाखवलं. गेममधली गाडी कशी सुरू करायची ते समजावलं, चहा घेतला आणि गेली. मी कपबशा उचलून स्वयंपाकघरात निघाले. तिथे काही काम नव्हतं, पण त्या स्टिअरिंगपाशी थांबायची माझी छाती नव्हती.

"कुठे निघालीस?" उस्ताद म्हणाले. त्यांनी पायानं स्टूल ओढून आपल्या डावीकडे घेतलं होतं. "बस इथे."

"मी काय करू बसून?"

"क्लीनर काय करतो?"

"मला काय माहीत? कधी बसवलंय तुम्ही गाडीत?"

ते खरंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लॉरीच्या केबिनमध्ये त्यांनी मला कधी चढू दिलं नाही. ती कामाची जागा. डावीकडे क्लीनर बसणार, आणि पेंगणाऱ्या क्लीनरला ते मधल्या वाटेत उतरवून देत, अशी त्यांची ख्याती.

"त्या पडद्यावर आरसा आहे ना? त्यात बघायचं. मागून कुणी येत असलं की म्हणायचं, थांबा. रिकामं असलं की म्हणायचं, येऊ द्या. बाकी गप्पा नकोत. आणि आरशातून नजर काढायची नाही."

मी बसले. त्यांनी गाडी सुरू करायचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज आला तसे त्यांचे खांदे खाली आले, थकून घरी आलेला माणूस खुर्चीत टेकतो तसे. पडद्यावरच्या गोदामाच्या अंगणातून निघतानाच मी आरशाऐवजी त्यांच्याकडे बघत राहिले आणि आम्ही एक खांब पाडला.

"झोपलीस का गं!"

"पहिलाच दिवस आहे माझा!"

"पहिल्या दिवशीच उतरवतो मी!" पण ते हसत होते.

मोठ्या रस्त्याला लागलो. माझी मान अवघडली, पण नजर हलवली नाही. येऊ द्या. थांबा. येऊ द्या. आपल्या शब्दावर एवढी मोठी लॉरी वळते म्हणजे काय मजा असते हे मला त्या दिवशी कळलं. पुढे एक टँकर रेंगाळत होता. उस्तादांनी उजवीकडून त्याला मागे टाकलं, डावीकडे परत यायला त्यांनी स्टिअरिंग वळवायला घेतलं, मलाही विचारलं नाही, सवयच ती. आणि आरशात एक पिवळी मोटर. आमच्या अगदी कुशीत.

"थांबा!"

त्यांनी स्टिअरिंग तिथल्या तिथे धरलं. का, कशाला, काही नाही. मोटर डावीकडून पुढे निघाली, त्या जुन्या पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि मग समोरच्या पडद्यावर त्यांच्या नजरेत आली.

"ही कुठून आली?" ते म्हणाले.

"बाजूलाच होती."

"केव्हापासून?"

"टँकर मागे पडला तेव्हापासून. मला वाटलं, तुम्ही..."

त्यांनी लॉरी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खोली एकदम शांत झाली, नुसता त्या वापरलेल्या कार्डाचा पंखा फिरत होता. त्यांनी मान पूर्ण वळवली आणि डावीकडच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काळोख दिसत असता ना," ते म्हणाले, "तर समजलं असतं. तसं नसतं गं ते. सगळं पूर्णच दिसतं. रस्ता रिकामाच दिसतो. डॉक्टर सांगतात, तू ताट फिरवतेस, खांदा आपटतो, सगळं समजत होतं. पण मनात यायचं, गाडीवर बसलो की निराळं असेल. एकटा बसलो असतो तर आजही म्हटलं असतं, बघा, एकही मोटर आली नाही. काय सुटतंय ते सांगणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून तो मॉनिटर. तुझ्यासाठी घेतला मी तो."

"मग दुकानात सांगायचं ना तसं! मी किती वेडंवाकडं बोलले."

"तिथे कसं सांगू? पोरगी ऐकत होती." मग म्हणाले, "आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

एवढा अड्डा गाजवणारा माणूस, आणि याला मी नाही म्हणेन याची भीती! मला हसू आलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पिवळी होती ना? घरच्यांनी भरलेली असते तसली मोटर," ते म्हणाले. "मुलंबाळं असतात मागे."

"खेळातली होती हो."

"ही खेळातली."

मग त्यांनी फोन उचलला आणि मालकांना लावला. मालकांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. उस्ताद म्हणाले, "तपासणीला येत नाही मी. नाही, सहीचा प्रश्नच नाही... नको मालक, रागानं नाही. गाडी त्या बदली पोराकडेच कायमची राहू दे." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. हे ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "त्याला एक सांगा. थंडीत पहिल्या सेल्फला उठत नाही ती. दोनदा किल्ली फिरवून जरा थांबायचं. तिसऱ्यांदा उठते. शिव्या द्यायच्या नाहीत म्हणावं, चांगली आहे बिचारी. आणि चढावर दुसऱ्या गिअरात लवकर टाकू नको म्हणावं, तिला झेपत नाही आता... हां. बस, एवढंच."

फोन ठेवून ते तसेच बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाल ओले झाले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. समजूत घालू नये असं मला वाटलं.

"माल पोचवायचा राहिलाय," शेवटी ते म्हणाले आणि गाडी सुरू केली. समोरच बघत होते. माझ्या शब्दाची वाट बघत होते.

मी पदरानं डोळे कोरडे केले आणि आरशात पाहिलं. लांबवर कुणी नव्हतं. तरी मी आणखी एकदा नीट पाहून घेतलं.

"येऊ द्या," मी म्हणाले.