बिननावाचे पफिन

ते कार्ड कुणी पाठवलं हे शोधून ग्लेंडा ग्रीनवुडच्या पदरात पडणार तरी काय होतं? वरवर पाहिलं तर फारसं काही नाही. क्लबातल्या लोरेनच्या आधी कळलं, एवढा आठवडाभराचा रुबाब. पण ग्लेंडाची उभी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली होती, आणि नफा दिसत नसेल तिथे ती वाकूनही बघत नसे. खरी बाब वेगळीच होती. महिनाअखेरीला चॅपलचं हिवाळी जेवण होतं. त्या जेवणाला क्लिफर्डच्या शेजारच्या खुर्चीत तिला बसायचं होतं. ती खुर्ची कुणी आधीच धरली असेल, तर ते वेळेत कळलेलं बरं.

क्लिफर्ड म्हणजे चॅपलच्या हॉलची देखभाल करणारा. बस चालवून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर गुरुवारी दुपारी बायकांचा शुभेच्छाकार्डं बनवायचा क्लब भरे, तेव्हा टेबलं मांडायची, चहाचं मोठं भांडं तापवायचं आणि शेवटी कागदांचा कचरा उचलून न्यायचा, हे त्याचं काम. सगळ्यांना तो नावाने हाक मारी. फक्त ग्लेंडाला ‘मिसेस ग्रीनवुड’. घरी केलेला आल्याचा केक ती दर आठवड्याला न चुकता त्याला आणून देत होती, तरी मिसेस ग्रीनवुड. या खात्यात भरणा खूप आणि व्याज शून्य, असं तिचं मत होत चाललं होतं.

आणि व्हॅलेंटाइन डेच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, हॉलच्या स्वयंपाकघरात क्लिफर्डच्या फळीवर चहाच्या डब्याला टेकून एक कार्ड उभं होतं. निळं आकाश, आणि त्यावर चोचीला चोच लावलेले दोन काळे पफिन, ते जाड चोचीचे समुद्रपक्षी.

“क्लिफर्ड, तुझी तर चंगळ आहे,” लोरेन स्वयंपाकघराच्या काउंटरपलीकडूनच म्हणाली. “नाव आहे का आत?”

“नाही.”

“असणारच नाही. नाव घातलं तर ते व्हॅलेंटाइन कसलं?”

क्लिफर्डचे कान लाल झाले. “ते तसं नाहीये,” एवढंच म्हणून तो बश्या पुसायला लागला. बश्या कोरड्याच होत्या. लाल कान सगळ्यांनी पुरावा म्हणून जमा करून घेतले.

पफिन कुठले, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. त्या महिन्यात क्लबातल्या प्रत्येकीने कार्डं बनवायच्या सामानाचं एकच किट घेतलं होतं, ‘सागरकिनारा’. दीपगृह, पट्ट्यापट्ट्यांच्या झोपड्या, सीगल, सगळी चित्रं जाड कागदावर आधीच कातरलेली. बोटाने ढकलून काढायची आणि फोमच्या चिकट तुकड्यांवर उठावदार बसवायची. सीगल रग्गड होते. पफिनची जोडी मात्र प्रत्येक खोक्यात एकच, अगदी शेवटच्या कागदावर. त्यामुळे जी ती ती जोडी जपून ठेवत होती. म्हणजे जिच्या खोक्यात जोडी नाही, तिने कार्ड पाठवलं. ग्लेंडाला हा हिशेब इतका स्वच्छ वाटला की तिने त्याची उलट तपासणी केलीच नाही. बँकेत असं कधी झालं नसतं.

“पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी आपापलं उरलंसुरलं घेऊन या,” तिने जाहीर केलं. “अदलाबदल करू. वाया कशाला घालवायचं?”

“तू आणि अदलाबदल?” लोरेन म्हणाली. “फोमचा उरलेला कोपरासुद्धा पर्समध्ये टाकून नेतेस तू.”

“म्हणून तर माझ्याकडे उरतं, बाई.”

पुढच्या गुरुवारी लांब टेबलावर सगळे खोके उघडले. ग्लेंडा एका टोकाने निघाली. इथे एक झोपडी उचल, तिथे एका दोरखंडाची तारीफ कर, असं करत ती प्रत्येकीचा शेवटचा कागद उलटून बघत होती. लोरेनची जोडी होती. तिच्या शेजारणीने ती नातवाच्या कार्डावर लावली होती आणि ते कार्ड दाखवायला सोबत आणलं होतं. एकेक खोका निकालात निघत गेला आणि ग्लेंडा हेझलपाशी येऊन थांबली.

हेझल कोपऱ्यात बसायची. बोलायची कमी, पण तिच्या हातात कमालीची सफाई. सीगलच्या पायांमधला कागद ती नखं कापायच्या वाकड्या कात्रीने काढायची, बाकीच्या तो तसाच सोडून द्यायच्या. तिच्या खोक्यात शेवटचा कागदच नव्हता.

“हेझल, तुझे पफिन कुठे उडाले गं?”

“वापरले.”

“कुणासाठी?”

हेझलने खोक्याचं झाकण लावलं.

“आता सांगून टाक की,” लोरेन हसत म्हणाली. “फळीवर उभे आहेत, सगळ्यांनी पाहिलेत.”

“ते माझे नाहीत.”

“मग तुझे कुठे आहेत?” ग्लेंडाने विचारलं. आवाज गोडच होता. खातेदाराला सही जुळत नाही म्हणून सांगतानाही तिचा आवाज असाच असे.

हेझलने पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आतलं कार्ड अर्धवट बाहेर आलं. दोन पफिन, थरावर थर चढवून उठवलेले, नारिंगी पाय बोटाबोटाने कातरलेले. पाकिटावर क्लिफर्डचं नाव आणि पत्ता होता. तिकीट नव्हतं.

“पोस्टात टाकलंच नाही मी,” ती म्हणाली. “बरंच झालं म्हणायचं.”

क्लिफर्ड किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हेझलने त्याला पाहिलं, कोट अंगात घातला, मफलर हातातच घेतला आणि ती निघून गेली. पाकीट मात्र घेऊन गेली.



ग्लेंडाला गप्प बसणं शक्य नव्हतं, कारण हिशेब लागत नव्हता. सगळ्या जोड्या मिळाल्या होत्या. मग फळीवरची जोडी आली कुठून? ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कार्ड उचललं. हातात घेताच कळलं. पफिन चिकटवलेलेच नव्हते. पफिनच्या जागी भोक होतं. कुणीतरी जोडी ढकलून काढल्यावर उरलेला आकाशाचा कागद होता तो. त्याच्या मागे बिस्किटांच्या खोक्याचा काळा पुठ्ठा लावला होता आणि चोचीशी चहाच्या पुडक्याचा लाल तुकडा. खळ इतकी लागली होती की कार्ड अजून फुगलेलं होतं. शिवाय ते उलट्या बाजूने उघडत होतं.

तिला आठवलं, कचरा कोण नेतं ते.

“हे तुला आलेलं नाही,” ती म्हणाली.

“नाही.” क्लिफर्डने किटली खाली ठेवली. “मी केलंय. खळ वाळायला ठेवलं होतं इथे. तेवढ्यात तुम्ही सगळ्या आलात आणि ते मलाच आलंय असं ठरवून मोकळ्या झालात.”

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? नाव घालायचं नसतं ना.”

“नाव घालायचं नसतं, क्लिफर्ड. द्यायचं तरी असतं.” तिने कार्ड उलटंसुलटं केलं. “कुणासाठी आहे हे?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी तिने त्यांचा हिशेब बरोबर लावला.

“एवढी वर्षं मिसेस ग्रीनवुड, मिसेस ग्रीनवुड करतोस,” ती म्हणाली.

“दुसरं काही म्हणायला गेलो की जीभच वळत नाही,” तो म्हणाला.

हिवाळी जेवणाला ग्लेंडा त्याच्या शेजारीच बसली. कुस्करलेले मटार त्याने आधी तिला वाढले. समोरची हेझलची खुर्ची रिकामी होती. ग्लेंडा त्याआधी हेझलच्या दारी जाऊन आली होती. हेझलने दार उघडलं, चहा दिला, हवेबद्दल बोलली, आणि गुरुवारी आता जमणार नाही असं शांतपणे सांगितलं. चहाबरोबरच्या केकचे तुकडे तिने इतके सारखे कापले होते की ग्लेंडाने आपला तुकडा बशीत तसाच ठेवला.

तर हिशेब असा झाला. लोरेनला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. क्लिफर्डला धीर मिळाला, तोही फुकटात. ग्लेंडाला खुर्ची मिळाली, आणि तिच्या फडताळावर आता एक फुगलेलं कार्ड उभं असतं, त्यात पफिनच्या आकाराचं एक भोक आहे. ते भोक ज्या कागदातलं, त्यातले पफिन हेझलने काढले होते, आणि या सगळ्याची किंमतही तिच्याच खात्यातून गेली.