फुंकायचं नाही

"फुंकायचं नाही म्हणजे अजिबातच नाही?" खुर्चीत आडव्या पडलेल्या बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. निदान सहा आठवडे," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या.

"अहो, मी एकतीस वर्षं फुंकायचाच पगार घेतेय."

बाई प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं घडवायच्या. दोन्ही हात ज्योतीवरची काच फिरवण्यात गुंतलेले, म्हणून काचेला जोडलेली फुंकायची रबरी नळी वरच्या-खालच्या दाढांत धरावी लागे. वरच्या उजव्या दाढा जाऊन दहा वर्षं झाली होती. तिथे बसवलेली काढती कवळी अलीकडे नेमकी फुंकतानाच डुगडुगायची आणि चांगला जमत आलेला फुगा वाकडा व्हायचा.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "इथलं हाड झिजून जेमतेम तीन मिलिमीटर राहिलंय. त्याच्यावर लगेच सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली पोकळी. एवढ्याशा हाडात इम्प्लांटचा स्क्रू टिकणार नाही. आधी पोकळीचं अस्तर हलकेच वर उचलायचं, त्याच्याखाली हाडाची पूड भरायची आणि सहा-आठ महिने थांबायचं. मग स्क्रू, मग आणखी चार महिन्यांनी दाढ."

"आणि नाही जमलं तर?"

"बहुतेकांचं जमतं. पण अस्तर फाटू शकतं. सायनसमध्ये पू होऊ शकतो. कधी नवं हाड धरतच नाही. मी शब्द देणार नाही."

याआधीचे डॉक्टर "काही नाही हो, चुटकीसरशी होईल" म्हणाले होते. बाई तिथून उठून आल्या होत्या. इथे त्यांनी तारीख घेतली.

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "चार वर्षांत रिटायर होशील. कशाला नसती उठाठेव? कवळीने जेवता येतंय ना?"

"जेवणाचं कुठे अडलंय? हात शाबूत असताना तोंडापायी हलकी कामं घ्यायची? मला नाही जमणार."

ऑपरेशनच्या दिवशी जबडा बधिर होता, कान मात्र जागे होते. मध्येच डॉक्टरांचा हात थांबला.

"अस्तराला बारीकशी चीर गेलीय. ठिगळ लावून पूड भरते. पण आता सहा नाही, बारा आठवडे."

बाईंनी डोळे मिटले आणि बोटानेच 'चालू ठेवा' अशी खूण केली.

गाल भोपळ्यासारखा सुजला. पाचव्या दिवशी शिंक आली, ती त्यांनी आ वासून दिली. समोर बसलेल्या नवऱ्याचा पेपर भिजला. "सांगायचंस तरी," तो चष्मा पुसत म्हणाला आणि त्या दिवसापासून पेपर लांबच्या खुर्चीत वाचू लागला.

तिसऱ्या आठवड्यात बाई कामावर गेल्या, तोवर एका कॉलेजची मोठी ऑर्डर अडून बसली होती.

"ताई, एकच फुंकर. अगदी हळू," फोरमन म्हणाला.

"नाही."

"कुणाला कळणारे?"

"माझ्या सायनसला कळेल. तुम्ही बसा इथे. मी काच फिरवते, मी सांगेन तेव्हा तुम्ही फुंका."

फोरमनने नळी तोंडात घेतली. पहिल्याच फुंकरीला काच फुग्यासारखी फटकन फुटली.

"शेगडी पेटवताय का? नुसता श्वास सोडा. आरशावर वाफ धरता ना, तसा."

चौथ्या दिवशी गोळा जमला. फोरमन घामाने निथळत होता. याच माणसाने दरवर्षी बाईंच्या रिपोर्टात 'काम चांगले, पण हळू' असं लिहिलं होतं.

"दिवसभर हेच करता तुम्ही?"

"हो."

त्याने नळी पुसून बाजूला ठेवली. "आणि मी आपला मागे घाई लावायचो," एवढंच म्हणाला.

ऑर्डर त्या दोघांनी मिळून पुरी केली. बारा आठवडे सरले, तरी दाढ बसेपर्यंत नळी धरायला जागा नव्हती, म्हणून फुंकायला फोरमनच बसत राहिला.

आठ महिन्यांनी एक्स-रेवर नवं हाड दिसलं. मागच्या बाजूला भरीव, पुढे थोडं विरळ. दोन स्क्रू बसवले. पुढच्या बाजूचा स्क्रू दोन महिन्यांत हलू लागला आणि काढावा लागला.

"दोन्ही टिकतील असं वाटलं होतं मला," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्ही शब्द कुठे दिला होतात? मागचा तर घट्ट आहे ना? नळी धरायला मला एक दाढ पुरे."

ती एक दाढ बसली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच ज्योतीसमोर बसल्या. नळी दाढेखाली धरली, चावून पाहिली. हलली नाही. काच लाल झाली, मऊ पडली. सव्वा वर्षाने त्यांनी नळीत श्वास सोडला आणि गोळा हळूहळू फुगत गेला.

फोरमन मागे उभा होता. "झकास झालाय, ताई! द्या, पॅकिंगला पाठवतो."

बाईंनी गोळा खिडकीकडे धरून फिरवला. एका बाजूची भिंत किंचित पातळ होती. दुसऱ्या कुणाच्या नजरेला ते आलं नसतं.

त्यांनी तो गोळा भंगाराच्या डब्यात टाकला, कपाटातून नवी काच घेतली आणि ज्योत जराशी बारीक केली.