अठराव्या पाठापासून पुढे

वैष्णवीचा फोन सकाळी साडेसातला आला. ही आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची मुलगी. आमच्या ऑनलाइन कीर्तनवर्गातल्या तेवीस विद्यार्थ्यांत सगळ्यांच्या पुढे तीच.

"ताई, पाठ अठरा उघडून नाही राहिला. काहून?"

"तुझं नेट बघ आधी."

"नेट बराबर हाय. काल सतरावा संपवला, परीक्षा बी दिली. अठरावा दाबला की नुसतं गोल फिरतंय, अन् मंग येतंय, फाइल सापडली नाही."

"बघते," म्हटलं. "तोवर सतराव्याची साकी घोळव."

"घोळून घोळून तिचा काढा झाला ताई," म्हणाली आणि हसून फोन ठेवला.

मी वसमतला घरी बसते आणि सर्व्हर आहे हट्ट्याला, राममंदिरामागच्या खोलीत. एका ऑफिसनं काढून टाकलेला जुना संगणक. त्यावर मी लिनक्स घातलं, त्यावर मूडल बसवलं. वर्ग चालवायचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण बसवताना घाम काढतं. तीन दिवस ते एका परवानगीवरून रुसलं होतं. चौथ्या दिवशी पान उघडलं, वर आमच्या कीर्तनकार उद्धवबुवांचा फोटो दिसला, तेव्हा मी संगणकालाच नमस्कार केला होता.

त्या सकाळीही पान उघडलं. बुवांचा फोटो, एक्केचाळीस पाठांची नावं, पोरांची हजेरी, गुण, प्रश्न, सगळं जागच्या जागी. पाठांचे व्हिडिओ मोठे, म्हणून ते दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर ठेवले होते. त्या डिस्ककडं गेले तर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली, वाचता येत नाही.

ही ओळ मी दुसऱ्यांच्या यंत्रांवर पुष्कळदा पाहिली आहे. तिचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. तरी मी जीपनं हट्ट्याला जाईपर्यंत रामरक्षा म्हणत राहिले. खोलीचं दार उघडलं तेव्हा डिस्कमधून टक् टक् आवाज येत होता. आठवडाभर लाईट ये-जा करत होती, त्यात इन्व्हर्टरची बॅटरी कधी बसली कुणाला कळलं नव्हतं. मी यंत्र बंद केलं, ती डिस्क काढली, यंत्र पुन्हा चालू केलं, डिस्क पदरात गुंडाळली आणि बुवांच्या घरावरून जाताना मान खाली घालून तशीच नांदेडच्या गाडीत बसले.

आता हे पाठ काय होते ते सांगते.

बुवांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, तर माणूस राहील. तारीख मिळाली बावीस दिवसांनंतरची. बुवांच्या घराण्यात चार पिढ्या रामाची सेवा आणि कीर्तन. आख्यानांचे शब्द वह्यांत उतरवलेले, पण चाली कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांच्या साक्या, दिंड्या, कटाव, या सगळ्या पद्यांच्या चाली बुवांच्या गळ्यात. ती गाठही तिथंच.

मी लहानपणापासून बुवांची कीर्तनं ऐकत आले. उत्तररंगात, आख्यान सुरू झालं की, ते कमरेला उपरणं आवळून दोन पावलं पुढे यायचे, तेव्हा देऊळभर लोक पाठ सरळ करून बसायचे. ते जाणार नाहीत, पण ते गाणं जाईल, ही कल्पनाच सोसवेना. म्हणून मीच म्हटलं, बुवा, आपण पाठ करून ठेवू.

त्यांची अट एकच होती. पूर्वी कुणीतरी त्यांच्या कीर्तनाचा तुकडा मोबाइलवर कापून गावोगाव फिरवला होता. कीर्तनात आधी नास्तिकाची शंका जोरात मांडायची असते, मग तिचं निरसन. कापणाऱ्यानं शंकेपुरतंच ठेवलं. उद्धवबुवा देव नाही म्हणतात, अशी बोंब झाली. हळदीच्या बाजारात लोक त्यांना हात जोडून विचारायचे, बुवा, खरं काय? तेव्हापासून त्यांचं म्हणणं, ऐकायचं तर सगळं, क्रमानं, एकाच जागी. म्हणून मी मूडल निवडलं. एक पाठ संपवून परीक्षा दिल्याशिवाय पुढचा उघडत नाही, आणि व्हिडिओ फोनवर उतरवून घेता येत नाही.

बावीस दिवसांत एक्केचाळीस पाठ झाले. शेवटच्या दिवशी आरती झाली. बुवांनी माझ्या कपाळी बुक्का लावला आणि विचारलं, "रेवती, हे आणखी कुठं ठेवलेलं नाही ना?"

खोटं बोलवेना. "घरी एक प्रत आहे बुवा. जपून असावी म्हणून."

"आपल्या सप्ताहात वीणा किती असतात गं?"

"एक."

"सात दिवस ती खाली टेकते?"

"नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते."

"मग?" ते म्हणाले. आवाज तोवर खरखरीत झाला होता, पण त्यातला ठामपणा तोच होता. "एकच असली की माणूस जपतो. दोन झाल्या की एक कुठंतरी बेवारस पडते, आणि कापणाऱ्याला तीच सापडते."

मी घरी गेले आणि ती प्रत पुसली. रोज पहाटे आपोआप प्रत काढणारी ओळ सर्व्हरवर लिहिली होती, तिच्यातूनही व्हिडिओंचा फोल्डर वगळला. नावं, गुण, हजेरी यांची प्रत तेवढी निघत राहिली. अकरा वर्षं मी संगणकांचं काम करते. एक प्रत म्हणजे शून्य प्रत, हे मीच हाताखालच्या पोरांना शिकवते. तरी पुसली. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं.

नांदेडच्या दुकानदारानं नऊ दिवस घेतले. नऊ दिवस मी वैष्णवीला सांगत राहिले, दुरुस्ती चालू आहे. सर्व्हर मात्र आपल्या वेळेला जागा होत राहिला. रोज सकाळी सहाला तेवीस जणांना त्याचं पत्र जायचं, आपला पुढील पाठ बाकी आहे. ते बंद करायला माझा हात होईना. दहाव्या दिवशी फोन आला. "मॅडम, इसमें कुछ नहीं बचा. प्लेट पूरी घिस गई है."

पहिले सतरा पाठ पोरांच्या गळ्यात थोडेफार तरी उतरले होते. पण अठराव्यापासून पुढे, बुवांच्या वडिलांच्या सगळ्या चाली, अजून कुणासाठी उघडल्याच नव्हत्या.

हट्ट्याला बुवांच्या घरी गेले तेव्हा सुधाकाकू अंगणात हळकुंडं निवडत होत्या. "ये. आतच आहेत. आता आमचं भांडण झालं की मीच जिंकते. त्यांची पाटी भरते तोवर माझं बोलून होतं."

बुवा झोपाळ्यावर होते. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर लेकरांची असते तशी पाटी. मला पाहून त्यांनी लिहिलं, 'वैष्णवी कुठवर आली?'

वाटेत बांधलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. मी सांगितलं, डिस्क गेली. नांदेडला नेली होती. काही निघालं नाही.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बुवांनी पाटी पुसली. खडू उचलला. मग लिहिलं, 'दुसरीकडे?'

त्याच माणसाचा तोच प्रश्न. पण या वेळी ते माझ्याकडं बघत होते ते, प्रत पुसली असं मी खोटंच सांगितलं असावं म्हणून. पोरीनं माझं ऐकलं नसेल, कुठंतरी एक लपवली असेल, अशी आशा त्यांच्या डोळ्यांत चक्क दिसत होती. उभ्या जन्मात त्यांच्याशी खोटं बोलले नाही, याचा असा पश्चात्ताप होईल असं वाटलं नव्हतं.

"नाही बुवा. एकच होती."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावते तर बरं झालं असतं. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर," आणि तिथंच थांबल्या.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा लिहिलं. 'तू समोर होतीस. सगळे ऐकलेस.'

होते मी. एक्केचाळीसही पाठांना, तीन हातांवर, कानाला हेडफोन लावून. पण माझे डोळे आवाजाच्या काट्यावर होते. तो लाल रेषेला लागू नये, पंख्याची घरघर येऊ नये, बाहेर ट्रॅक्टर गेला तर पुन्हा घ्यावं लागेल, हेच मी ऐकत होते. चाली आत येत होत्या, आणि मला वाटत होतं, त्या साठवून राहिल्यात, सावकाश ऐकू.

बुवांनी पाटीवर एवढंच लिहिलं, '१८'. आणि मांडीवर हातानं ताल धरला.

अठरावा म्हणजे विदुराघरच्या कण्या. कृष्ण जेवायला येतो ती दिंडी. शब्द मला पाठ होते. मी घसा साफ केला आणि पहिली ओळ धरली. बुवांचे डोळे मिटले. हात नेमका पडत होता. माझा सूर कसाबसा का होईना, पण ओळ वर गेली, समेवर आली.

दुसरी ओळ खाली उतरते की तशीच वर राहते, मला आठवेना. मी एक सूर लावला. बुवांचा हात मांडीच्या वर थांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान हलवली, हे नव्हे. दुसरा लावला. पुन्हा मान हलली. त्यांचे ओठ हलत होते. रुमालाखालून नुसती हवा येत होती.

त्यांनी परत ताल धरला, पहिल्यापासून. मी पहिली ओळ म्हटली, दुसरीपाशी आले आणि अडले. हात वरच्या वर थांबला. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. काकूंनी मध्ये चहा आणून ठेवला, तो निवून त्यावर साय धरली.

"बुवा, मला येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि पहिल्यापासून ताल धरला.